हळदीला आलेला चष्मा

“ताई, तुमचा तो भाचा परवा माझ्याकडे बघत होता का माझी शूटिंग काढत होता? आधी तेवढं सांगा.”

आमची बिल्डिंग आणि वहिनींचं घर यांच्या मधली भिंत छातीएवढी आहे. पूर्वी तिथे मेंदीचं कुंपण होतं म्हणे. भिंत झाली, पण व्यवहार कुंपणाचाच राहिला. वाटी इकडून तिकडे जाते, बातमी तिकडून इकडे येते आणि रिकामं कुणीच परतत नाही. वहिनी इथल्या, भिवंडीतल्या टेमघरच्याच, जुन्या आगरी घरातल्या. मी भाड्याने आले होते, ती राहूनच गेले. परवा त्यांच्या पुतण्याची हळद झाली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा दांडगी. मंडप, डीजे, मटण, अख्खा गाव आणि गावाबाहेरचे पाहुणे. त्या गर्दीत माझा भाचा, ऐरोलीला आयटीत असतो तो, जाड काळ्या काड्यांचा चष्मा घालून रात्रभर निवांत उभा होता.

“शूटिंगच काढत होता,” मी कबूल केलं. नाही म्हणून चाललंच नसतं. रात्री दोनला त्याचे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर पडले होते आणि त्या ग्रुपवरून ते वहिनींच्या नणंदेपर्यंत पोचायला सकाळ उजाडावी लागली नाही.

“मना वाटलंच. आजकालचा पोरगा हातात मोबाइल न घेता एवढा वेळ उभा राहतो म्हणजे काहीतरी गडबड हाय.”

वरच्या गॅलरीत काकू कपडे वाळत घालायला आल्या. काकूंचे कपडे विषय संपेपर्यंत पुरतात.

तर चष्म्याची गोष्ट अशी. दिसायला गॉगल किंवा नंबरचा चष्मा, पण कोपऱ्यात वाटाण्यापेक्षाही लहान कॅमेरा, काड्यांमध्ये स्पीकर, आत माइक आणि बॅटरी. वजन सुमारे ५० ग्रॅम. काडीवरचं बटण दाबा, नाहीतर नुसतं बोला. फोटो निघतो, व्हिडिओ निघतो, फोन लागतो, गाणं वाजतं आणि ‘हे समोर काय आहे’ म्हणून विचारलं तर उत्तरही कानाशी येतं. रेबॅन आणि फेसबुकवाल्या मेटाचा असा चष्मा आपल्याकडे १९ मे २०२५ ला आला, तेव्हा किंमत २९,९०० रुपयांपासून पुढे. त्याच वर्षी २९ ऑगस्टला रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओनेही आपला चष्मा दाखवला. म्हणजे आज ऐरोलीच्या भाच्याच्या नाकावर आहे तो उद्या धामणकर नाक्याच्या मोबाइलच्या दुकानात टांगलेला दिसेल, ह्यात मला शंका नाही. कुठल्याही गोष्टीची भिवंडीत स्वस्त आवृत्ती यायला फार वेळ लागत नाही.

वहिनींचं गाऱ्हाणं मात्र चष्म्याबद्दल नव्हतं, रीतीबद्दल होतं. त्या म्हणाल्या, “मोबाइल वर उचलला की आम्हाला कळतं. पदर सावरतो, तोंडातला घास गिळतो, नायतर सांगतो, बाबा, मना नको घेऊ. ह्या पोराने काय केलंन? समोर आला, मामी कशा आहात बोलला, मी हसून बोलले आणि तेवढ्यात मी झाऱ्यातला रस्सा चाखताना, केस मोकळे, गळ्यापर्यंत हळद! ते आता नालासोपाऱ्याच्या नणंदेने बघितलंन.”

“दिवा लागतो ना पण त्याला?” काकू वरून. काकू पेपर पूर्ण वाचतात, जाहिरातींसकट.

लागतो. शूटिंग चालू असेल तर चौकटीवर बारीक पांढरा दिवा लागतो. मेटाच्या चष्म्यात तर तो दिवा झाकला की कॅमेरा चालूच होत नाही, अशी योजना आहे. ऐकायला छान. पण हळदीच्या मंडपात डीजेचे दिवे गरगर फिरत असताना त्या ठिपक्याकडे कोण बघणार? आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी करूनही पाहिलं. भाच्याला भिंतीशी उन्हात उभं केलं आणि वहिनी आपल्या ओट्यावर. तो चालू करायचा, बंद करायचा, वहिनी ओळखायच्या. ओट्यावरून काही म्हणता काही कळलं नाही. चार पावलांवर आल्या तेव्हा म्हणाल्या, “हां, काहीतरी लुकलुकतं. पण मी बाईमाणूस, तरण्या पोराच्या डोळ्यात एवढं रोखून कशाला बघू?” चष्मा बनवणाऱ्यांनी हा प्रश्न डोक्यात घेतला असेल असं वाटत नाही. त्यातून अमेरिकेत एक हौशी कारागीर ६० डॉलर घेऊन तो दिवा निकामी करून देतो, हेही २०२५ मध्ये उघड झालंच आहे. तिथे ६० डॉलर, इथे किती, ते आपलं मोबाइल मार्केट ठरवेल.

भाच्याची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मावशी कसली. तो म्हणतो, मोबाइल उंच धरून शूटिंग करणारा माणूस हळदीत नसतोच, तो स्क्रीनमध्ये असतो. मी नाचलो, वाढलो, म्हाताऱ्यांच्या पाया पडलो आणि तरी आठवण राहिली. खोटं नाही. त्याच्या व्हिडिओत नवरदेवाची आजी त्याच्या गालाला हळद फासायला येते. तिचा हात सरळ आपल्याकडे येतो, मग चित्रभर पिवळं. मोबाइलसमोर ती तशी आलीच नसती, पोज देऊन उभी राहिली असती. वहिनींनी तो तुकडा मात्र पुन्हा लावायला लावला. मग म्हणाल्या, “हा ठेव. माझा काढून टाक.”

हा चष्मा नवा आहे असं कुणी समजू नये. गूगलने २०१२ मध्येच असा चष्मा दाखवला होता, पुढच्या वर्षी १,५०० डॉलरला निवडक लोकांना विकला. अमेरिकेतल्या काही दारूच्या गुत्त्यांनी दारावर पाटी लावली, चष्मा घालून आत यायचं नाही. घालणाऱ्यांना शिवीवजा टोपणनाव पडलं. जानेवारी २०१५ मध्ये तो बाजारातून उठला. मग २०१७ मध्ये कारखान्यांसाठी म्हणून परत आला आणि मार्च २०२३ मध्ये तेही दुकान बंद. आपल्या पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकून गेलेला प्रणव मिस्त्री तर त्याआधी, २००९ मध्येच, गळ्यात कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर अडकवून भिंतीवर, तळहातावर फोनचे आकडे उमटवून दाखवत होता. ते बघून तेव्हा सगळे थक्क झाले, पण गळ्यात अडकवून कुणी फिरलं नाही. ह्या वेळी फरक एवढाच की यंत्र गॉगलसारखं दिसतं. गूगलवाला चष्मा घातलेला माणूस दुरून ओळखू यायचा, म्हणून लोकांनी त्याला हाकलला. हा ओळखू येत नाही, म्हणून खपतोय.

“म्हणजे लबाडीच विकतात की,” काकू.

इतकं टोकाचं मी बोलणार नाही. पण काकूंना खोडूनही काढणार नाही.

सगळ्यात गंमत झाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मार्क झुकरबर्ग स्टेजवर उभा, नवे चष्मे, जगभर थेट प्रक्षेपण. एका आचाऱ्याने चष्म्याला विचारलं, सॉस करायचा आहे, आधी काय घालू? चष्मा म्हणतो, मूळ जिन्नस तुम्ही एकत्र केलेच आहेत. आचाऱ्याने काहीच एकत्र केलं नव्हतं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी वायफायवर ढकलून सुटका करून घेतली. नंतर कंपनीच्या तंत्रज्ञान प्रमुखाने खरं कारण सांगितलं. आचाऱ्याने हाक मारली ती त्याच्या चष्म्याला, पण त्या इमारतीतले सगळेच चष्मे एकदम जागे झाले आणि यंत्रणा कोलमडली. मी इथून ‘वहिनी’ म्हणून हाक मारली आणि आख्ख्या आळीतल्या वहिन्या धावत आल्या, त्यातला प्रकार.

ही गोष्ट ऐकून वहिनींना चेव आला. “आण तो इकडं. मी भाकरी करते, बगू काय सांगतो.”

आता तांदळाची भाकरी करताना खरोखरच दोन्ही हात अडकलेले असतात. उकड काढून मळलेलं पीठ, पाण्याचा हात, दोन्ही तळव्यांवर थापत गोल वाढवत न्यायची, तव्यावर सोडायची, वरून पाणी फिरवायचं. त्यात फोन वाजला की बायका कोपराने उचलतात, नाहीतर पोराला हाका मारतात. चष्मा कामाचा आहे तो इथे. वहिनींनी तो नाकावर चढवला, थोबाडीत मारल्यासारखा चेहरा केला, मग रुळल्या. भाकऱ्या होता होता बहिणीशी बोलून झालं, हात पिठातच. “हे बरं हाय गो,” म्हणाल्या. त्यांचं एवढं कौतुक मी मिक्सरलाही ऐकलं नव्हतं.

मग भाच्याने व्हिडिओ लावून दाखवला. वहिनींच्या डोळ्यांतून वहिनींची भाकरी. हात दिसतात, हिरव्या बांगड्या, हळदीची अजून न गेलेली पिवळी नखं, पिठाचा गोळा फिरत फिरत पसरतो. सुरेख. पण चित्र स्थिर राहीना. मान फिरेल तसं चित्र फिरतं. तव्यावर, मग दारावर, मग तव्यावर, मग खिडकीतून बाहेर भिंतीवर, भिंतीवरून थेट आमच्या दारात. पुन्हा तवा. पुन्हा आमचं दार. एका भाकरीत आमच्या दाराचे इतके फोटो कुणी काढले नसतील.

काकू गॅलरीत हसत सुटल्या. वहिनींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “मग? ते मी रोज बगते. तुमी पण बगता.”

बरोबर आहे. मी पण बघते. त्यांच्याकडे टेम्पो आला, पाहुणे आले, कोण रुसून गेलं, मला सगळं ठाऊक असतं. पण मी बघते हे त्यांना दिसतं आणि त्या बघतात हे मला. त्यामुळेच दोघी मर्यादेत असतो. त्यांनी कधी माझ्या घरातलं भांडण ऐकलं तर दुसऱ्या दिवशी भिंतीशी भाजीची वाटी येते, चौकशी येत नाही. चष्म्यात ही देवाणघेवाण नाही. घालणाऱ्याची सोय, आणि किंमत समोरच्याने मोजायची. समोरच्याला तर बिल फाडल्याचाही पत्ता नाही.

आणि बघणारा एकटा भाचा तरी कुठे असतो? ‘हे काय आहे’ विचारलं की तो फोटो कंपनीकडे जातो, त्याशिवाय उत्तर कसं मिळणार? एप्रिल २०२५ मध्ये मेटाने गिऱ्हाइकांना कळवलं की चष्म्याला दिलेल्या हाकेनंतरचं बोलणं साठवलं जाईल, वर्षभरापर्यंत, आणि ते साठवूच नका असं सांगायची सोय काढून घेतली. नंतर आपलं आपण पुसायचं. म्हणजे वहिनी बहिणीशी जमिनीच्या वाटणीचं बोलल्या असत्या तर ते कुठे मुरलं असतं कोण जाणे. मी हे बोलून दाखवलं तेव्हा वहिनींनी चष्मा उतरवून ओट्यावर पालथा ठेवला.

तो उचलला अप्पांनी.

अप्पा म्हणजे वहिनींचे सासरे. उभी हयात मागावर गेली. आधी दुसऱ्यांच्या, मग स्वतःच्या. माग विकून गाळे बांधले त्यालाही बराच काळ लोटला. काचबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्याने माणसाचा आकार दिसतो, अक्षर नाही. पेपर कुणी वाचून दाखवला तर ठीक, नाहीतर दिवसभर नुसता हातात. त्यांना वाचून दाखवायचा घरात सगळ्यांना कंटाळा, हे त्यांनाही माहीत असल्यामुळे ते मागतही नाहीत. भाच्याने चष्मा त्यांच्या डोळ्यावर चढवला, हातात टोरंटचं लाइट बिल दिलं आणि हिंदीत विचारायला सांगितलं. चष्मा बोलायला लागला. अप्पांना ऐकू येईना. मागाच्या खडखडाटात कान कधीच बधिर झालेले. हे स्पीकर कानात नसतात, काडीत असतात, कानापाशी नुसते पुटपुटतात. अप्पा काडी कानात घालायला बघतात, भाचा म्हणतो अहो तुटेल. शेवटी आवाज पूर्ण वाढवला. मग अप्पांना ऐकू आलं, मला आलं आणि वर काकूंनाही आलं. वहिनींच्या घरचं महिन्याचं बिल किती ते आता आळीला ठाऊक आहे.

“एसी लावलेला दिसतोय,” काकू हळूच.

अप्पांना मात्र त्याचं काही नव्हतं. बिलावरची तारीख स्वतःहून विचारली, मीटर नंबर विचारला, मागची थकबाकी आहे का विचारलं. मग पेपर, मग गोळ्यांची पट्टी, मग भिंतीवरचं कॅलेंडर. एका माणसाला कुणाच्याही पाया न पडता वाचायला मिळतंय हे बघताना माझी अर्धी तक्रार ढिली पडली. डेन्मार्कमध्ये २०१५ ला सुरू झालेलं ‘बी माय आइज’ नावाचं एक ॲप आहे. ज्याला दिसत नाही त्याने फोन लावायचा, जगातला कुणीतरी डोळस स्वयंसेवक त्याच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो, दुधाच्या पिशवीवरची तारीख काय, समोरचा दरवाजा कुठे. २०२४ च्या अखेरीपासून ते ह्या चष्म्यावरही चालू लागलं. काठी एका हातात, दुसरा हात मोकळा. अशा माणसाला कुणी दिव्याचा ठिपका विचारू नये.

“बिल वाचतो,” अप्पा म्हणाले, “भरत नाय का?”

भाच्याने सांगितलं, तेही येतंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईच्या फिनटेक मेळाव्यात जाहीर झालं, क्यूआर कोडकडे बघून बोललं की पैसे जाणार, पण हजार रुपयांच्या आतले.

“मग हे आमचं बिल नाय जायाचं,” अप्पा. एसीवाल्यांकडे कटाक्ष.

इतक्यात वहिनींचा धाकटा उठून बाहेर आला. तो काल्हेरच्या पुढे एका गोदामात पिकर आहे, रात्रपाळी. भिवंडीत आता दर चार घरांत एक तरी गोदामात असतोच. तुम्ही पुण्या-मुंबईत बसून मोबाइलवर जे बटण दाबता, त्याचा खोका इथून निघतो. पिकरचं काम सोपं वाटतं, यादी बघा, रॅकवर जा, माल काढा, ट्रॉलीत टाका. पण यादी हातातल्या स्कॅनर गनमध्ये असते. बारकोडवर गन धरायची, टिट्, मग माल. जड खोका आला की एका हाताने उचलता येत नाही, मग गन काखेत, खोका पोटावर आणि बारकोड नेमका खालच्या बाजूला. पुन्हा खोका उलटा करा. “अर्धी पाठ त्याच्यातच जाते,” तो म्हणाला.

त्याला मी सांगितलं की हा चष्मा खरा रुजला तो गोदामातच. २०१५ मध्ये डीएचएलने नेदरलँड्समधल्या बर्गन ऑप झूमच्या गोदामात दहा जणांना तीन आठवडे असे चष्मे दिले. कुठली रांग, कुठला खण, किती नग, सगळं डोळ्यासमोर, हात मोकळे. २० हजारांवर वस्तू काढल्या आणि काम २५ टक्क्यांनी वाढलं असं कंपनीने सांगितलं. आता ॲमेझॉन, ज्यांची गोदामं भिवंडीत आहेत, त्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या डिलिव्हरी ड्रायव्हरसाठी चष्मा दाखवला. गाडी उभी राहिली की चालू होतो, कुठलं पाकीट काढायचं, कुठल्या दारात जायचं ते काचेवर येतं, पोचवल्याचा फोटो तोच काढतो. अंगावरच्या जाकिटात त्याचं बटण, बदलता येणारी बॅटरी आणि अडचण आली तर दाबायचं वेगळं बटण.

धाकट्याला हे आवडलं. खरंच आवडलं. त्याने चष्मा घालून ओट्यावरची पाण्याची कळशी दोन्ही हातांनी उचलून पाहिली, जणू रॅकच. मग म्हणाला, “पण ताई, गन खाली ठेवता येते.”

“म्हणजे?”

“गनला माहीत असतं मी कधी स्कॅन केला. मध्ये दोन मिनिटं टेकलो, पाणी प्यायलो, पलीकडच्या लाइनमधल्या पोराशी बोललो, ते नाय माहीत. कामाला उशीर झाला तर सांगता येतं, खोका अडकलेला, लेबल फाटलेला. चष्मा लावला की मी कुठे बघतोय तेच जाणार वर. भाकरी करताना आईचं गेलं तसं.”

मी गप्प. काकूही गप्प. गोदामातला पोरगा जे एका वाक्यात बोलला ते चष्म्याच्या जाहिरातीत कधी येणार नाही. भाचा चष्मा घालतो तेव्हा बघणारा तो, दिसणारे आम्ही. धाकटा घालेल तेव्हा बघणारा आणि दिसणारा दोन्ही तोच, आणि काढून ठेवायची मुभा त्याची नाही. “आणि २५ टक्के काम वाढला,” तो जाता जाता म्हणाला, “तर टार्गेट वाढल, पगार नाय.” कळशी आत नेऊन ठेवली बिचाऱ्याने, एवढा फायदा झाला.

देवळांचं काकूंनी काढलं. जानेवारी २०२५ मध्ये अयोध्येच्या राममंदिरात बडोद्याचा एकजण कॅमेऱ्याच्या चष्म्याने फोटो काढताना पकडला गेला, जुलैत तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात गुजरातचेच दुसरे गृहस्थ. “उद्या एकविरेला चैत्रात काय दशा होईल,” वहिनी म्हणाल्या, “पालखीत निम्मे गॉगलवाले असतात.” एवढ्या गर्दीत कोण कुणाचे गॉगल तपासणार?

त्याहून भयंकर मला वाटलं ते हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांचं. २०२४ मध्ये त्यांनी हा बाजारातलाच चष्मा चेहरा शोधणाऱ्या एका वेबसाइटला जोडला आणि मेट्रोत समोर बसलेल्या अनोळखी माणसाचं नाव, पत्ता काढून दाखवला. लोकांना सावध करायला केलं, ती जोडणी विकली नाही, हे बरं. पण जे दोन पोरांना जमलं ते तिसऱ्याला जमणार नाही असं थोडंच आहे. आपल्याकडे तर लांब जायलाच नको. ठाण्याची अज्नालेन्स ही कंपनी असेच चष्मे बनवते, आणि २६ जानेवारी २०२६ ला दिल्ली पोलिसांनी बंदोबस्तात चेहरे ओळखायला तिचेच चष्मे घेतल्याच्या बातम्या होत्या. ठाणे म्हणजे बाळकुम नाक्यापलीकडे. आमच्या टेमघरात शुद्ध झालेलं पाणी ठाण्याला जातं, आता तिकडून चष्मा इकडे येईल.

“त्यासाठी चष्मा कशाला?” वहिनी म्हणाल्या. “आळीत नवीन माणूस शिरला की मी सांगते कुणाचा कोण, कुठला, बायको कुठली.”

“पण वहिनी, तोही विचारतो ना, तुम्ही कोण?”

“विचारतो की. चहा पण पितो.”

काकूंचे जावई भिवंडी कोर्टात वकील. त्यांना काकूंनी गॅलरीतूनच फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, बाईचे खासगी क्षण, कपडे बदलणं, अंघोळ, असं चोरून टिपलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं. काढायला ती हो म्हणाली पण पसरवायला नाही म्हणाली, तरी पसरवणं गुन्हाच. पण मंडपात, दोनशे माणसांत, रस्सा चाखताना? त्यात कलम बसवायला फार ओढाताण करावी लागेल. वहिनींना ‘खासगी नाही’ हे काही पटलं नाही. “माझ्या दारातला मंडप,” त्या म्हणाल्या, “खर्च आमचा, हळद आमची आणि खासगी नाय?” वकील जावयांना केस आठवली, फोन ठेवला.

तेव्हा न्याय भिंतीवरच करायचं ठरलं. पुढच्या आठवड्यात वहिनींच्या दिराकडे साखरपुडा आहे. वहिनींचा हुकूम निघाला, चष्मेवाल्याने मंडपात शिरताना चष्मा काढून त्यांच्याकडे द्यायचा, जाताना घ्यायचा. भाचा म्हणाला, मामी, नंबरचा आहे. काढला तर मला नवरा कोण, नवरी कोण कळायचं नाही. साधा चष्मा घालून ये म्हटलं तर म्हणे, तो जुन्या नंबरचा. ह्या बारीक चलाखीला उत्तर नाही. सिनेमागृहात मोबाइल बंद करा म्हणता येतं, माणसाला डोळे बंद कर कसं म्हणायचं? काकूंनी कॅमेऱ्यावर टिकली चिकटवायची सुचवली. आणली. चिकटवली. लाल, मध्यम आकाराची. भाचा त्यात असा काही दिसला की वहिनींनी स्वतःच्या मोबाइलवर त्याचा फोटो काढला, न विचारता. त्याने हरकत घेतली तेव्हा म्हणाल्या, “कसं वाटतं?”

ठरलं शेवटी असं : टिकली लावून यायचं, आजी किंवा नवरी स्वतः म्हणाली तरच टिकली काढायची, आणि कुठलाही तुकडा ग्रुपवर टाकायच्या आधी वहिनींना दाखवायचा. भाच्याने कबूल केलं. तो किती पाळतो ते बघू. नाही पाळलं तर नालासोपाऱ्याची नणंद आहेच.

ह्या सगळ्या गोंधळात चष्मा पुन्हा अप्पांच्या डोळ्यावर गेला होता, टिकलीसकट. भाच्याने ती सोलून काढली. अप्पांनी किंमत विचारली. मी आकडा सांगितला, मग ऐकू यावा म्हणून ओरडून सांगितला.

अप्पांनी बराच वेळ हिशेब केला. “भिवंडीला ते डोळ्याचं फुकट शिबिर लागतं ना,” ते म्हणाले, “तिथे हा देत असतील तर माझं नाव लिहून ठेव.”

“अप्पा, तिथं मोतीबिंदू काढतात,” वहिनी म्हणाल्या, “एसी बंद करा, मग दिवाळीला बगू.”